स्कूटीचा हेडलाइटचा बल्ब घरी बदलता येतो का? सहा महिन्यांत तिसरा गेलाय, मेकॅनिक म्हणतो अख्खी असेंब्लीच बदला

घरी बदलता येतो. पहिल्यांदा अर्धा तास लागेल, दुसऱ्यांदा दहा मिनिटं. असेंब्ली, म्हणजे काच-रिफ्लेक्टरसकट अख्खा दिवा, बदलायची गरज बहुतेक नसावी. पण सहा महिन्यांत तिसरा गेलाय म्हणता, तर चौथा आणण्याआधी हे वाचा, कारण मी अगदी ह्याच फेऱ्यातून गेले आहे.

मी मेकॅनिक नाही. उदगीरकडं दूध संकलनाचं काम बघते. पहाटे पाचला निघायचं, तीन गावांची केंद्रं करायची, संध्याकाळी पुन्हा तेच. म्हणजे माझी गाडी दिवसापेक्षा अंधारातच जास्त चालते. हंगामात देवणी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात, एकामागं दोन ट्रॉल्या, पुढं गाणं मोठ्यानं चालू आणि मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. त्यात कधी रोही आडवा येतो, कधी रानडुक्कर. तिथं हेडलाइट गेला की माणूस दुधाच्या टेम्पोच्या मागं-मागं, त्याच्या उजेडात घर गाठतो. मी दोनदा गाठलंय.

तुम्ही गाडीचं मॉडेल लिहिलेलं नाही. आपल्याकडं ॲक्टिव्हा असो, ज्युपिटर असो, ॲक्सेस असो, सगळ्या ‘स्कूटी’च. त्यामुळं आधी एवढं बघा की तुमच्या गाडीला बल्ब आहे का. नव्या बऱ्याच मॉडेलांना एलईडी हेडलाइट येतो, त्यात बदलायला बल्बच नसतो. तो गेला तर मात्र मेकॅनिकचं म्हणणं खरं. काचेतून आत वाटोळा चकचकीत रिफ्लेक्टर आणि मधोमध बोटाच्या पेराएवढा काचेचा बल्ब दिसला तर पुढचं सगळं तुम्हाला लागू.

मग बघायचं की बल्ब खरंच गेलाय का. ह्या बल्बात दोन तारा असतात, एक लोअरची, एक अप्परची. साधारणपणे आधी एकच तुटते, म्हणजे लोअर बंद आणि अप्पर चालू किंवा उलटं. तसं असेल तर बल्बच गेलाय, डोकं लावायची गरज नाही. दोन्ही एकदम बंद झाल्या असतील तर मात्र संशय घ्या: कनेक्टर निसटलाय, डिपरचा स्विच गेलाय, किंवा व्होल्टेज जास्त येऊन दोन्ही तारा लागोपाठ जळल्या. माझ्यासारखी जुनी गाडी असेल (माझी 2013 ची) तर आणखी एक गंमत: हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, सरळ मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज काढणाऱ्या भागावर चालतो. नुसती चावी फिरवून लाइट लागणारच नाही, इंजिन चालू पाहिजे. रेस दिली की उजेड वाढतो, सोडली की मंद होतो. हे माहीत नव्हतं तेव्हा मी एक चांगला बल्ब ‘गेला’ म्हणून काढून टाकलाय.

आता खोलायचं. गाडी डबल स्टँडवर, चावी बंद, आणि लाइट नुकता चालू असेल तर बल्ब गार होऊ द्या, हॅलोजन फार तापतो. हँडलच्या पुढचा प्लॅस्टिकचा मुखवटा काढावा लागतो. स्टारचा स्क्रूड्रायव्हर घ्या. माझ्या गाडीला बसणाऱ्याच्या बाजूनं दोन आणि पुढून खाली एक असे स्क्रू आहेत. तुमच्या गाडीला एखादा कमी-जास्त असेल, काही गाड्यांना आरसेही काढावे लागतात. स्क्रू स्टीलच्या वाटीत टाका. फरशीवर ठेवलेला स्क्रू कोंबडी पळवते, हे मी थट्टेत म्हणत नाहीये.

स्क्रू निघाले तरी मुखवटा लगेच सुटत नाही, आत प्लॅस्टिकचे लॉक असतात. इथंच लोक घाई करतात आणि लॉक मोडतात. दोन्ही हातांनी कडेला धरून थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं हलवत पुढं ओढा. आपल्या उन्हात दहा वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं प्लॅस्टिक पापडासारखं झालेलं असतं, जोर लावू नका. आणि पूर्ण ओढूही नका, मागं वायरी आहेत.

मागं तीन वायरींचा कनेक्टर दिसेल, ह्यालाच होल्डरही म्हणतात. वायरी धरून ओढायचा नाही; प्लॅस्टिक धरून हलवत काढायचा. त्याखाली काळं रबर, ते सोलल्यासारखं काढा. मग तारेची एक क्लिप असते, ती आत दाबून बाजूला सरकवली की बल्ब हातात येतो. बुडावरचे आकडे वाचा. बऱ्याच स्कूटरना 12 व्होल्ट 35/35 वॅटचा एचएस-1 बल्ब येतो. काहींना लहान बुडाचा असतो, म्हणून जुना बल्ब खिशात घालून दुकानात जा आणि बूड बुडाशी लावून बघा.

दुकानात तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल, “35 चा कशाला घ्यायलाव ताई, 60-55 चा टाका की, ट्रकसारखा फोकस पडतोय बघा.” मलाही म्हणाले. बैठक दिसायला सारखी असते, थोडं घासून बसवूनही देतात. हिशेब करा: 35 वॅटला 12 व्होल्टवर साधारण 3 अँपिअर लागतात, 60 ला 5. आणि सांध्यातलं तापणं करंटच्या वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणजे त्याच होल्डरला जवळपास तिप्पट ताप. वायरी आणि होल्डर 35 च्या मापाचे. थोड्या दिवसांत होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चांदी काळवंडते, आणि मग खरंच असेंब्ली घ्यावी लागते. शिवाय जुन्या मॅग्नेटोची तेवढी ताकदच नसते. साध्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्तातला एलईडी कोंबायच्याही मी विरुद्ध आहे. रिफ्लेक्टरचा आकार तारेच्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी नसली की उजेड रस्त्यावर पडायचा सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावायचं नाही, बुडाच्या पत्र्याला धरायचं. मला हे वाचून ठाऊक होतं, तरी पहिला बल्ब मी केंद्रावरच, दुधाचं फॅट तपासता तपासता बसवला. हाताला दुधाची ओशट. चार दिवसांत काचेवर बोटाच्या जागी पांढुरका फुगवटा आला आणि बल्ब गेला. त्या काचेवर तेलकट डाग राहिला की तेवढीच जागा जास्त तापते आणि काच तिथंच दगा देते. चुकून हात लागला तर कापसाला स्पिरिट लावून पुसा, वाळू द्या, मग बसवा. (आमच्याकडं फॅट तपासायच्या जुन्या गर्बर पद्धतीच्या जमान्यातली अमाइल अल्कोहोलची बाटली अजून आहे. अल्कोहोलच ते म्हणून मी त्यानं पुसायला निघाले होते. ते स्वतःच तेलकट असतं.)

बल्बच्या पत्र्याला तीन कान असतात, एक रुंद. ते खाचेत एकाच तऱ्हेनं बसतात. बसत नसेल तर फिरवून बघा, ठोकू नका. क्लिप लावा, रबर चोहोबाजूंनी नीट दाबा, कनेक्टर आत जाईपर्यंत ढकला. मुखवटा लावायच्या आधी इंजिन चालू करून लोअर-अप्पर दोन्ही बघा. हे विसरून सगळे स्क्रू आवळले की पुन्हा सगळं उलटं करावं लागतं. रबर फाटलं असेल तर नवं घ्या. फाटक्या रबरातून पावसाचं पाणी आत जातं, काचेला आतून वाफ धरते आणि तापल्या बल्बावर थेंब पडला की तडा.

झालं बल्बाचं. आता तुमचा खरा प्रश्न, तिसरा का गेला.

माझेही तीन गेले होते. पहिल्याचं कारण वर सांगितलंच. पुढचे दोन बोटही न लावता बसवलेले, तरी गेले, आणि दोन्ही तारा लागोपाठ. माझ्याही मेकॅनिकनं असेंब्लीच सांगितली. मग बॅटरीच्या दुकानात बसणाऱ्या एका वयस्क इलेक्ट्रिशियन काकांकडं गाडी नेली. त्यांनी बल्बाकडं बघितलंही नाही. कनेक्टर काढून माझ्यापुढं धरला. पांढरं प्लॅस्टिक एका कडेला चहाच्या रंगाचं झालेलं, आतली एक पत्ती काळी. म्हणाले, “बल्ब कशाला बदलायलाव ताई, हे बघा की आधी.” मग खाली वाकून व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटरची अर्थची वायर जिथं चेसीला बोल्टनं जोडलेली असते तिथं बोट लावलं. बोल्ट ढिला, भोवती वाळलेली काळी माती आणि गंज.

त्यांनी समजावलं ते असं. मॅग्नेटो रेस वाढेल तसं जास्त व्होल्टेज काढतो. जादाचं रेग्युलेटर अर्थमध्ये सोडून देतो. अर्थच ढिला असेल तर जादाचं जाणार कुठं? ते बल्बात जातं. गाडी जोरात घेतली की उजेड पांढराफेक पडतो, आपण खूश होतो, आणि पुढच्या वळणावर अंधार. काकांनी बोल्ट काढून पॉलिश पेपरनं जागा घासली, वायर आवळली, होल्डर नवा घातला. रेग्युलेटर चांगलाच होता. त्यानंतरचा बल्ब दोन पावसाळे टिकला.

म्हणून तुमच्या गेलेल्या बल्बांच्या तारा बघा, दोन्ही तुटल्यात का एकच. दोन्ही असतील तर संशय व्होल्टेजवर. मागचा दिवा किंवा मीटरचा दिवाही अधूनमधून जात असेल तर रेग्युलेटर किंवा त्याची अर्थ, हे जवळजवळ नक्की. रेस दिल्यावर बॅटरीवर मल्टिमीटरला 14 ते 14.5 च्या आसपास दिसायला हवं. 15 च्या वर जात असेल तर चार्जिंग तपासून घ्या. मात्र हेडलाइट मॅग्नेटोवर असेल तर बॅटरी ठीक दाखवूनही हेडलाइटला जादा जात असू शकतं, ते मोजायचं काम इलेक्ट्रिशियनचं. एकच तार जात असेल आणि लाइट खड्ड्यात लुकलुकत असेल तर होल्डर किंवा क्लिप ढिली. थंड तारेतून सुरुवातीला झटका मोठा जातो. लुकलुकणारा बल्ब तो झटका दिवसातून शंभर वेळा खातो.

गाडी 1 एप्रिल 2017 नंतरची असेल तर हेही धरा, की हेडलाइट बंद करायचं बटणच नाही, इंजिन चालू तोवर बल्ब चालू. दिवसाचे तासही त्याच्या आयुष्यातून जातात. माझ्या भाचीची तशी गाडी आहे. गावातून गेली की प्रत्येक पारावरून कुणीतरी पाचही बोटं उघडमीट करत ओरडतं, “ताई, लाइट चालू हाय!” पण तरीही सहा महिन्यांत तीन हे जास्तच.

असेंब्ली कधी बदलायची? काच तडकली, आतली चांदी उडाली किंवा बल्बाची बैठक मोडली, तर. नुसता बल्ब जातोय म्हणून नाही. असेंब्ली नवी आणि होल्डर-अर्थ जुनेच राहिले तर नव्या असेंब्लीतही बल्ब तसाच जाणार.

शेवटी फोकस. भिंतीपासून दहा पावलांवर गाडी, वर कुणीतरी बसलेलं, लोअर लावा. उजेडाची वरची कड हेडलाइटच्या उंचीपेक्षा थोडी खाली हवी. वर असेल तर हेडलाइटचा ॲडजस्टिंगचा स्क्रू बहुतेक खालच्या बाजूला असतो, थोडा-थोडा फिरवा.

आज कनेक्टर काढाल तेव्हा आतलं प्लॅस्टिक कुठल्या रंगाचं निघालं ते सांगा, आणि गाडीचं साल पण.