सायकोमेट्रिक टेस्टवरून माणूस कामाला कसा निघेल हे आधी कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरीत 30-35 माणसांचं मशीन शॉप आहे, मुलाखतीत छान बोललेली पोरं तीन महिन्यांत फुसकी निघतात, आणि आता एक एजन्सीवाला टेस्टचं पॅकेज घेऊन आलाय. घ्यावं का?

सायकोमेट्रिक टेस्ट म्हणजे बुद्धी किंवा स्वभाव मोजणारी प्रश्नावली. तिच्यावरून थोडंफार कळतं. पण एजन्सीवाल्याला पैसे देण्याआधी तुमची मुलाखत सुधारा, ती फुकटात सुधारते. मी चाकणला एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत भरती बघतो, 16 वर्षं झाली. त्यातली पहिली सात-आठ वर्षं मीही ‘माणूस दारातून आत आला की मला कळतं’ याच जमातीतला होतो.

तेव्हा एका मुलाला मी साहेबांशी भांडून घेतलं. बोलायला गोड, शर्टाला कडक इस्त्री, आणि माझ्याच तालुक्यातला. (हे शेवटचं कारण मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.) महिनाभरात त्याच्या पेट्या कस्टमरकडून परत यायला लागल्या. त्याच दिवशी मी एकाला नाकारलं होतं. मान खाली, ‘हो’, ‘नाही’, संपलं. तो दुसरीकडे लागला आणि दोन वर्षांत सेटर (मशीन कामासाठी जुळवून देणारा कारागीर) झाला, हे मला चहाच्या टपरीवर कळलं. एरवी हे कळत नाही. घेतलेला माणूस डोळ्यांसमोर असतो, नाकारलेला कुठे काय करतोय कुणाला ठाऊक? त्यामुळे आपल्या चुकांपैकी निम्म्या आपल्याला दिसतच नाहीत.

गंमत म्हणजे संशोधकांचीही हीच अडचण आहे. 1998 मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 85 वर्षांचं संशोधन एकत्र करून निवडीच्या पद्धतींची जणू गुणपत्रिकाच काढली. 0 म्हणजे अंदाजाचा कामाशी काडीचा संबंध नाही, 1 म्हणजे अंदाज तंतोतंत. बुद्धिमत्ता चाचणीला त्यांनी 0.51 दिले, प्रत्यक्ष काम करून दाखवण्याला 0.54, आणि हस्ताक्षरावरून स्वभाव ओळखण्याला 0.02. (आमच्याकडे एका मालकांनी हस्ताक्षरवाला बोलावला होता. त्याने माझंही अक्षर बघितलं. असो.)

पण फक्त घेतलेल्या माणसांचीच माहिती हाती असल्यामुळे आकडे कमी दिसतात, म्हणून संशोधक ते गणिताने वर ओढतात. 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हे ओढणं बऱ्याच ठिकाणी गरज नसताना झालं होतं. नव्या हिशेबात बुद्धिमत्ता चाचणी 0.31 वर उतरली, काम करून दाखवणं 0.33 वर. सगळ्यांत वर आली ती आधीपासून प्रश्न आणि गुण ठरवून घेतलेली मुलाखत, 0.42. आपल्या नेहमीच्या गप्पावजा मुलाखतीला 0.19. आणि नोकरीच्या जाहिरातीत ज्याच्यावर आपण सगळा जोर देतो त्या ‘अनुभव किती वर्षं’ला 0.07!

0.42 ऐकून नाराज होऊ नका. समजा 100 जण आले, त्यातले 50 खरोखर चांगले, आणि तुम्हाला 50 घ्यायचेत. चिठ्ठ्या टाकल्या तर हाती 25 चांगले लागतील. गप्पा मारून घेतले तर साधारण 28. ठरवून घेतलेल्या मुलाखतीने 32. प्रत्येक माणसाबद्दल भविष्य सांगणारं कुणी नाही, पण 28 चे 32 झाले तर वर्षभरात स्क्रॅपच्या डब्यात फरक दिसतो.

आता ‘ठरवून’ म्हणजे कसं ते सांगतो. तुमच्याच शॉपमध्ये खरोखर घडलेला एखादा प्रसंग घ्या. आमचा एक असा आहे: शिफ्ट सुटायला 10 मिनिटं आहेत, जॉब (मशीनवर बनवलेला पार्ट) मापाबाहेर निघाला, आधीचे 200 पेटीत गेलेत, सुपरवायझर जागेवर नाही. काय करशील? ‘हा बाजूला ठेवीन’ म्हणाला तर 1 गुण. ‘सुपरवायझरला शोधून सांगीन’, 3. ‘मशीन थांबवीन, पेटीला लाल टॅग लावीन, मागचे जॉब मोजत जाऊन कुठून बिघडलं ते बघीन’, 5. असे पाच-सहा प्रश्न, सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. दोघांनी बसायचं, गुण वेगवेगळे लिहायचे आणि लिहून होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही. सगळ्यात अवघड हेच जातं, विशेषतः मालक शेजारी बसले असतील तर.

त्याला जोडून हातात काम द्या. मी टेबलावर पाच जॉब, ड्रॉइंग आणि व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) ठेवतो. माप 25 मिमी, अधिक-उणे 0.05. दोन जॉब बाद आहेत, एकाच्या कडेला मुद्दाम बर (कापताना राहिलेली धातूची खरखरीत धार) ठेवलीय. 20 मिनिटं देतो आणि गप्प बसतो. मागच्या वर्षी एका पोराने जॉबला हात लावण्याआधी व्हर्निअरचे जबडे रुमालाने पुसले, बंद करून शून्य जुळतं का ते बघितलं, मग बर बघून विचारलं, “सर, फाइल मिळेल का?” (फाइल म्हणजे कानस.) त्याआधी तो तोंडातून धड वाक्य काढत नव्हता. हातच्या कंकणाला आरसा कशाला म्हणतात ते हेच. नुसती मुलाखत असती तर मी त्याला नक्की घालवला असता.

हे कसबी कामाला ठीक. अगदी नवख्याला घेऊन शिकवणार असाल तर काम करून दाखव म्हणण्यात अर्थ नाही, तिथे साधी आकडेमोड आणि ड्रॉइंग वाचायची लेखी परीक्षा जास्त उपयोगी.

स्वभावाच्या प्रश्नावल्यांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. नेटकेपणा, जबाबदारीची जाणीव हे गुण कामाशी जुळतात, यात वाद नाही. नव्या हिशेबात त्यांनाही 0.19 आहेत. पण पोटापाण्याचा प्रश्न असताना ‘मी कामात टाळाटाळ करतो’ यापुढे ‘होय’ कोण लिहील? आणि माणसांना चार अक्षरांच्या 16 प्रकारांत बसवणारी ती प्रसिद्ध मायर्स-ब्रिग्ज चाचणी भरतीसाठी वापरू नका, असं तिची प्रकाशक कंपनीच सांगते.

एक गोष्ट मात्र एजन्सीवाला येण्याआधी तुम्हालाच ठरवावी लागेल: तुमच्याकडे ‘चांगला कामगार’ म्हणजे कोण? कमी रिजेक्शनवाला, खाडे न करणारा, की सुपरवायझरच्या मर्जीतला? आमच्याकडे अप्रेझलला सगळ्यांत जास्त गुण असलेल्या एका माणसाचं रिजेक्शनही सगळ्यांत जास्त होतं. तो सुपरवायझरला रोज गाडीवर घरी सोडायचा. अशा गुणांशी जुळणारी टेस्ट घेतलीत तर गाडीवाले मिळतील.

एजन्सीवाला परत आला की त्याला विचारा, ही टेस्ट मशीन ऑपरेटरवर कुठे वापरली, आणि नंतर त्यांचं रिजेक्शन आणि हजेरी कुणी ताडून पाहिली का. रंगीत आलेखांचा नमुना रिपोर्ट पुढे सरकवला तर चहा पाजून पाठवा. ताडलेले आकडे दाखवले तर आधी तुमच्या सध्याच्या माणसांना ती टेस्ट द्या, त्यावरून कुणाचं काही बिघडणार नाही हे त्यांना सांगून, आणि बघा तुमचा सगळ्यांत भरवशाचा ऑपरेटर तिच्यात पास होतो का.