हँड्सफ्री लावून गाडी चालवताना फोनवर बोलणे सुरक्षित आहे का?

नाही. हात मोकळे असले तरी मन बोलण्यात गुंतते आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसूनही पाय ब्रेकवर जायला उशीर होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 28 मीटर अंतर कापते. म्हणजे कोणाचा फोन आहे हे पाहायला 3 सेकंद नजर खाली गेली, तरी 80 मीटरहून अधिक रस्ता न पाहताच मागे पडतो. शेजारी बसलेला माणूस घाटातले वळण पाहून बोलायचा थांबतो, फोनवरच्याला मात्र ते वळण दिसतच नाही, आणि हाच फरक मला सर्वांत घातक वाटतो. हातात फोन धरून गाडी चालवणे हा तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक वाहनचालनाचा गुन्हा आहे.