गृहीतक आणि अनुमान यांची गल्लत

सप्रेम नमस्कार.

तासगावहून आपण पाठवलेले पत्र मिळाले. आपली मुलगी बारावीत असून क्लॅटची, म्हणजे कायद्याच्या पदवीसाठीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करते, रोज अग्रलेख वाचते, उताराही तिला समजतो. परंतु ‘लेखकाचे गृहीतक कोणते’ आणि ‘उताऱ्यावरून कोणते अनुमान निघते’ या प्रश्नांत तिचे गुण जातात, म्हणून इंग्रजीची शिकवणी लावावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तशी घाई करू नये. क्लॅटमध्ये १२० मिनिटांत उताऱ्यांवर आधारित १२० प्रश्न सोडवायचे असतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. अशा वेळी चांगले इंग्रजी येणारी मुलेसुद्धा, या संज्ञांचा अर्थ पक्का नसला, की अंदाजाने पर्याय निवडतात.

तिला आपल्याच जिल्ह्यातील एक युक्तिवाद कागदावर लिहायला सांगावे. ‘२०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले. त्या वेळी कृष्णेवरच पुढे कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणात पाणी अडवलेले होते. म्हणून पावसाळ्यात अलमट्टीचा साठा कमी ठेवावा.’ यातील पहिली दोन वाक्ये हा पुरावा आहे आणि तिसरे वाक्य हा लेखकाचा निष्कर्ष. गृहीतक मात्र कागदावर कुठेच नाही: अलमट्टीचा फुगवटा, म्हणजे धरणामुळे नदीत मागे तुंबणारे पाणी, सांगलीपर्यंत येतो, हे लेखक धरून चालला आहे. ते ओळखण्यासाठी विधान उलटे करून पाहावे. ‘फुगवटा सांगलीपर्यंत येत नाही’ असे म्हणताच वरचा निष्कर्ष उभाच राहत नाही. म्हणून ते गृहीतक. (अलमट्टीचा वाद खरा कोणाच्या बाजूने आहे, हे येथे ठरवायचे नाही, आणि परीक्षेतही स्वतःचे मत बाजूला ठेवावे लागते.)

अनुमान वाचकाने काढायचे असते, तेही दिलेल्या मजकुरापुरतेच. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, एवढे उताऱ्यात असेल, तर पाणी त्या खुणेच्या १२ फूट वर होते, हे अनुमान ठरते. ‘प्रशासन गाफील होते’ हे ठरत नाही. शिवाय कोयनेचा विसर्ग आणि पाणलोट क्षेत्रातील पाऊस यांविषयी लेखक गप्प का आहे, हेही तिने विचारावे, कारण दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

रोज एकच अग्रलेख घेऊन त्यातील निष्कर्ष, पुरावा आणि न लिहिलेले गृहीतक तिने वहीत मांडावे. दोन महिन्यांनंतरही हेच प्रश्न चुकत राहिले, तर शिकवणीचा विचार करू. त्या वेळी ही वही अवश्य सोबत आणावी.