अपडेटची तपासणी किती वेळाने करावी?

प्रश्न : आमच्या रोगनिदान प्रयोगशाळेच्या कोथरूड, हडपसर आणि सिंहगड रस्ता येथे शाखा असून नोंदणीपासून अहवालापर्यंतचे सारे काम एका वेब ॲप्लिकेशनवर चालते. त्यात सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये पार्श्वभूमीवर चालणारी आणि ॲप्लिकेशनच्या फाइल साठवून तिथूनच देऊ शकणारी स्क्रिप्ट) वापरलेला आहे. काउंटरवरील ६० संगणकांवर सकाळी ७ वाजता टॅब उघडला की रात्री ७ पर्यंत तो बंद होत नाही. गेल्या महिन्यात सकाळी कामकाज सुरू झाल्यावर आम्ही नवे दर असलेली आवृत्ती चढवली, तरी काही काउंटरवर संध्याकाळपर्यंत जुन्याच दराने पावत्या निघत होत्या. दर मिनिटाला अपडेट तपासावे, असे आमचे डेव्हलपर म्हणतात. ते योग्य ठरेल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : दर मिनिटाला तपासण्याची गरज नाही, तुमच्या कामासाठी अर्ध्या तासाचे अंतर पुरेसे आहे.

सर्व्हिस वर्करची नवी फाइल आली आहे का, हे ब्राउझर मुख्यतः पान नव्याने उघडताना पाहतो. तुमच्यासारख्या ॲप्लिकेशनमध्ये नोंदणीवरून पावतीकडे जाताना पान खऱ्या अर्थाने नव्याने उघडत नाही, केवळ त्यातला मजकूर बदलतो. त्यामुळे दिवसभर उघड्या राहिलेल्या टॅबमध्ये ही तपासणी होतच नाही. म्हणून ॲप्लिकेशनमध्ये टायमर लावून सर्व्हिस वर्करच्या ब्राउझरमधील नोंदणीवरील (रजिस्ट्रेशन) ‘अपडेट’ ही मेथड, म्हणजे तपासणी करायला लावणारी आज्ञा, ठरावीक वेळाने बोलवावी लागते. दर मिनिटाला ती बोलावल्यास ६० संगणकांकडून १२ तासांत ४३,२०० विनंत्या जातील, अर्ध्या तासाने बोलावल्यास १,४४०. फाइल बदललेली नसेल तेव्हा, सर्व्हरवर ईटॅगची (फाइलची आवृत्ती ओळखणाऱ्या खुणेची) सोय असल्यास, ‘३०४’ म्हणजे ‘बदल नाही’ एवढेच छोटे उत्तर येते, त्यामुळे हा भार सर्व्हरला झेपेलही. पण त्यातून तुमच्या पदरात फारसे काही पडत नाही. संगणक झोपी गेला की टायमरही थांबतो, म्हणून टॅब पुन्हा समोर आल्यावर एक तपासणी अवश्य करावी. सगळे काउंटर ७ वाजताच सुरू होत असल्याने प्रत्येक संगणकाच्या वेळेत दोन-चार मिनिटांचा फरकही ठेवावा.

याहून महत्त्वाचे असे की, नवी आवृत्ती सापडणे आणि ती लागू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवा सर्व्हिस वर्कर उतरला तरी जुन्याच्या ताब्यातील टॅब उघडे असेपर्यंत तो थांबून राहतो. त्याला तत्काळ ताबा देऊन पान आपोआप रिफ्रेश केले, तर समोर उभ्या असलेल्या रुग्णाचे नाव, वय आणि डॉक्टरांचा संदर्भ अर्धवट भरलेला असताना सारा फॉर्म पुसला जाईल, आणि हे कर्मचाऱ्यावर व रुग्णावर दोघांवरही अन्यायकारक आहे. त्याऐवजी पडद्याच्या वरच्या बाजूला ‘नवी आवृत्ती तयार आहे’ अशी पट्टी दाखवावी आणि पावती पूर्ण झाल्यावर कर्मचाऱ्याने तिच्यावर क्लिक करावे.

दरांचा प्रश्न मात्र या अंतराने सुटणार नाही. दर ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये न ठेवता सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये ठेवावेत आणि पावतीची अंतिम रक्कम सर्व्हरनेच काढावी. तसे झाले की एखाद्या काउंटरवर जुनी आवृत्ती चालू असली तरी पावती नव्या दरानेच निघेल.