गिट्क्सन लोकांच्या स्मृतिखांबांवर कोरलेले प्राणी म्हणजे त्यांचे देव आहेत का?

नाही, ते देव नाहीत. ज्या घराण्याने खांब उभारला त्याच्या हक्काची ती कुलचिन्हं आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात, स्कीना नदीच्या वरच्या खोऱ्यात राहणाऱ्या गिट्क्सन लोकांत मूल आईच्या घराण्याचं मानलं जातं आणि बेडूक, लांडगा अशी चिन्हंही त्याच वाटेने पुढे जातात. प्रमुख वारला की त्याचं नाव वारसाकडे जातं. मग मोठी मेजवानी देऊन, पाहुण्यांच्या साक्षीने त्याच्या स्मृतीसाठी खांब उभा करतात. प्रत्येक आकृतीमागे पूर्वजांवर गुदरलेला एखादा प्रसंग असतो: स्थलांतर, पूर, एखाद्या अद्भुत प्राण्याशी पडलेली गाठ. त्यातूनच घराण्याचा आपल्या जमिनीवरचा आणि मासेमारीच्या जागांवरचा हक्क सांगितला जातो, आणि मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गिट्क्सन प्रमुखांनी जमिनीच्या हक्कासाठी लढलेल्या डेलगामूक खटल्यात १९९७ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा मौखिक इतिहासाला पुरावा म्हणून योग्य वजन द्यायला हवं, असा निकाल दिला. मात्र नुसता प्राणी ओळखून अर्थ लागत नाही. पुढचे दोन मोठे दात आणि जाळीदार रेषांची शेपूट दिसली की बीव्हर (झाडं कुरतडून नदीत बांध घालणारा प्राणी), एवढं कळतं. पण दोन घराण्यांच्या खांबांवर तोच प्राणी असला तरी कथा वेगळी असू शकते, आणि ती सांगण्याचा अधिकार त्या त्या घराण्याचाच.