स्टुडिओ विकला गेला, मग पाळण्यावरचे कार्टून कोणाचे?

परदेशात एखादा ॲनिमेशन स्टुडिओ विकला गेल्याची बातमी आली की नागपुरातून येणाऱ्या पत्रांत एकच समजूत वेगवेगळ्या शब्दांत डोकावू लागते: मालक बदलला म्हणजे जुने सारे करार मोडले, आणि आता त्या पात्रांवर कोणीही पाळणे उभारावेत. बौद्धिक संपदेच्या करारांचे काम करणारा वकील म्हणून यांतील काही प्रश्नांना येथे एकत्रच उत्तरे देत आहे.

प्रश्न : डिस्नेने एखादा स्टुडिओ विकत घेतला, तर त्या स्टुडिओच्या पात्रांची दुसऱ्या कंपनीच्या पार्कमधली राइड बंद करावी लागते का? (रामदासपेठ)

नाही. भाडेकरूसह घर विकले गेले तरी भाडेकरार उरतो, तसेच हे आहे. सिम्पसन्स कुटुंबाची राइड युनिव्हर्सलच्या पार्कमध्ये 2008 पासून आहे, आणि ही पात्रे ज्या फॉक्सची होती त्याचा तो व्यवसाय 2019 मध्ये डिस्नेकडे गेल्यानंतरही ती चालूच राहिली.

प्रश्न : दिवाळीत मुलांना सिंगापूरला न्यायचे आहे. स्टुडिओंच्या खरेदी-विक्रीमुळे जुन्या राइड बंद होणार, म्हणून याच आठवड्यात पॅकेज घ्या, असे ट्रॅव्हलवाले सांगतात. (त्रिमूर्तीनगर)

ही विक्रीची युक्ती आहे. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये मादागास्करचा विभाग जाऊन 2025 मध्ये मिनियन्सचा विभाग सुरू झाला हे खरे. पण तोवर दोन्ही पात्रे एकाच समूहाच्या घरातली होती, त्यामुळे तो बदल पार्कच्या स्वतःच्या आवडीनिवडीचा होता, करारातल्या सक्तीचा नव्हे. कोणती राइड कोणत्या तारखेला बंद आहे हे पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे, आणि पैसे परत मिळण्याच्या अटी लेखी घेतल्याशिवाय पॅकेजचे पैसे भरू नयेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. स्टुडिओ विकत घेतल्यावर पार्कमध्ये त्याचा परिणाम दिसायला इतकी वर्षे का लागतात? (व्हीएनआयटी परिसर)

प्रश्न चांगला आहे. डिस्नेने पिक्सार 2006 मध्ये सुमारे 7.4 अब्ज डॉलरला घेतले, पण पिक्सारच्याच बझ लाइटइयरची राइड डिस्नेच्या फ्लोरिडातल्या पार्कमध्ये 1998 पासूनच चालू होती, कारण चित्रपट वितरणाच्या जुन्या संबंधांमुळे पात्रे वापरण्याचा मार्ग आधीच मोकळा होता. म्हणजे राइड बांधण्यासाठी स्टुडिओ विकत घ्यावाच लागतो असे नाही. फरक पडतो तो गुंतवणुकीच्या धैर्यात. पात्र परवान्यावर आणलेले असेल तर मुदत संपण्याची धास्ती असते, प्रत्येक रंगाला आणि संवादाला मूळ मालकाची मान्यता लागते आणि उत्पन्नातला वाटा बाहेर जातो. पात्र घरचे झाले की एका राइडवर न थांबता अख्खी वसाहत उभारण्याचा विचार करता येतो. पिक्सारच्या 'कार्स' चित्रपटांवरचा कॅलिफोर्नियातला कार्स लँड हा विभाग 2012 मध्ये उघडला, तो असा. युनिव्हर्सलची मालक कंपनी कॉमकास्टने ड्रीमवर्क्स ॲनिमेशन 2016 मध्ये 3.8 अब्ज डॉलरला घेतले, आणि त्या स्टुडिओच्या ड्रॅगनच्या कथांवरचा आइल ऑफ बर्क हा विभाग युनिव्हर्सलच्या ऑर्लँडोतल्या एपिक युनिव्हर्स पार्कमध्ये आला 2025 साली. मधल्या काळात जमीन, आराखडा, सुरक्षा चाचण्या आणि इतर पार्कांशी झालेल्या जुन्या करारांची छाननी, एवढे सारे असते. या क्षेत्रात काम करायचे असल्यास राइडच्या यंत्रणेबरोबर परवान्याचा करार वाचायलाही शिकावे, आणि त्यासाठी आपल्या प्राध्यापकांशी जरूर बोलावे.

प्रश्न : काटोल रोडवर आमचे लहान वॉटर पार्क आहे. एका परदेशी स्टुडिओच्या पात्रांचे 'ऑल इंडिया राइट्स' आपल्याकडे असल्याचे पत्र एका एजंटने दाखवले. स्टुडिओचा मालक बदलल्यामुळे जुना दर आठवडाभरच मिळेल, असे सांगून तो दीड लाख इसार मागतो. द्यावा का? (काटोल रोड)

देऊ नका. तुम्ही पाठवलेला कागदाचा फोटो मी नीट पाहिला. 500 रुपयांचा मुद्रांक आहे, नोटरीचा गोल शिक्का आहे, एजंटची झोकदार सही आहे. नाही ते फक्त मूळ मालक कंपनीचे नाव. नोटरीचा शिक्का सही कोणी केली एवढेच सांगतो. सही करणाऱ्याकडे विकण्याजोगा हक्क होता की नाही, हे तो सांगत नाही. ही साधी गोष्ट मी दर हंगामात सांगतो, आणि दर हंगामात कोणीतरी फलक रंगवून झाल्यावर आणि तिकिटे छापून झाल्यावरच कागद घेऊन येतो.

बातमीतून हक्क मिळत नाहीत, ते करारातून मिळतात. मार्व्हलने 1994 मध्ये आपल्या पात्रांचे पार्कमधील हक्क युनिव्हर्सलच्या गटाला दिले; 2009 मध्ये डिस्नेने मार्व्हलच विकत घेतले, तरीही हल्कची राइड ऑर्लँडोत युनिव्हर्सलकडेच आहे, आणि खुद्द मालक असलेल्या डिस्नेला तिथल्या आपल्या पार्कमध्ये त्या करारात अडकलेली पात्रे वापरता येत नाहीत. एवढ्या मोठ्या कंपनीला जुना कागद ओलांडता येत नसेल, तर एजंटच्या तोंडी आश्वासनावर आपण काय उभारणार? उलट लेखी करार हाती असूनही वाद टळतोच असे नाही. मलेशियातले गेंटिंगचे पार्क फॉक्सच्या नावाने उघडायचे होते. डिस्नेचा व्यवहार चालू असतानाच 2018 मध्ये प्रकरण कोर्टात गेले, 2019 मध्ये समझोता झाला आणि 2022 मध्ये पार्क उघडले ते फॉक्सचे नाव न लावता.

आपल्या कॉपीराइट कायदा, 1957 नुसार परवाना लेखीच लागतो, आणि त्यात कोणती कृती, कोणता वापर, किती मुदत, कोणता प्रदेश व मोबदला किती हे स्पष्ट हवे; मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. टी-शर्टवर चित्र छापण्याचा परवाना घसरगुंडीवर पुतळा बसवायला चालत नाही. एजंट पोटपरवाना देत असेल तर तसे करण्याची मुभा त्याच्या मूळ करारात हवी. शिवाय कंपनीचे शेअर विकले गेले की केवळ पात्रांचे हक्क विकले गेले, यावर पुढचे बरेच ठरते, म्हणून मालकी बदलल्यास काय होईल हे सांगणारे कलम आधी शोधावे. हक्काचे जाणीवपूर्वक उल्लंघन हा फौजदारी गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मूळ करार वकिलाला दाखवा आणि स्टुडिओच्या परवाना विभागाकडून ईमेलवर खात्री करून घ्या. आठवडाभरात सवलत संपत असेल तर संपू द्या.

प्रश्न : वाढदिवसाच्या हॉलच्या भिंतीवर ते पात्र काढले आहे, पण टोपीचा रंग आणि नाव बदलले आहे. चालेल ना? (मनीषनगर)

नाही. पाहणाऱ्या मुलाला ते पात्र ओळखू येते, म्हणूनच तुम्ही ते काढले आहे. आपल्याच चित्रकाराकडून नवे पात्र काढून घ्या, आणि त्याचे हक्क तुमच्याकडे आल्याचा कागद करून घ्या.

प्रश्न : स्टुडिओ विकत घेणाऱ्या पार्क कंपनीचे शेअर घ्यावेत का? (धंतोली)

हा माझा विषय नाही. सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारावे.

प्रश्न : मी स्वतः ॲनिमेशन करतो. तान्हा पोळ्याच्या लाकडी बैलावरून सुचलेले माझे पात्र मुंबईचा एक स्टुडिओ विकत घेऊ इच्छितो. करारात 'सर्व हक्क, सर्व माध्यमे' एवढेच आहे. सही करू का? (धरमपेठ)

आज करू नका. उद्या तो स्टुडिओ मोठ्या समूहाने घेतला तर तुमचा बैल कुठल्या पार्कमध्ये फिरेल, हे याच एका ओळीवर ठरणार आहे. मालिका, चित्रपट, खेळणी आणि थीम पार्क हे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. पार्कचे हक्क शक्य तर स्वतःकडे ठेवा, नाहीतर त्यांचा मोबदला वेगळा ठरवा. कराराने दुसरे काही ठरवले नसेल तर एक वर्षात न वापरलेला हक्क तुमच्याकडे परत येतो, म्हणून हे संरक्षण काढून घेणारे वाक्य मसुद्यात कुठे दडले आहे का ते पाहावे. पात्राची मूळ रेखाटने तारखांसह जपून ठेवावीत, आणि मसुदा घेऊन वकिलाकडे सहीच्या आधी जावे.