डॅगवुड, सँडविच आणि गावाची वेस

एका वाचकाने विचारले आहे की, ‘डॅगवुड सँडविच’मधला डॅगवुड म्हणजे कोणते लाकूड, आणि कोणत्याही बहुमजली सँडविचला ‘क्लब सँडविच’ म्हणता येईल का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि ते वारंवार द्यावे लागते याचा मला खरोखर त्रास होतो. क्लब सँडविच म्हणजे भाजलेल्या पावाचे तीन काप आणि त्यांच्यामध्ये सारणाचे दोन थर. मुंबईतल्या गाडीवर बीट, बटाटा, काकडी आणि हिरवी चटणी यांचा आणखी एक मजला चढला, तर त्या पदार्थाला दुसरे नाव हवे.

डॅगवुड हे लाकूड नाही, माणूस आहे. चिक यंग यांची ‘ब्लाँडी’ ही चित्रमालिका १९३० साली अमेरिकी वृत्तपत्रांत सुरू झाली. तिच्यातल्या डॅगवुड बमस्टेडने, धनाढ्य आईवडिलांनी प्रेयसी ब्लाँडीशी लग्न करण्याची संमती नाकारल्यामुळे, १९३३ साली अठ्ठावीस दिवस उपोषण केले. त्याला संमती मिळाली, पण वारसा गेला. १९३६ पासून हाच उपाशी राहिलेला माणूस फ्रिजमधले हाताला लागेल ते दोन्ही हातांवर रचून आणू लागला आणि पावाच्या कापांमध्ये त्याचा मनोरा उभारू लागला. चित्रकाराला ते उपोषण आठवत असावे, असे मला नेहमी वाटते. पुढे त्या सँडविचलाच इंग्रजीत ‘डॅगवुड’ म्हणू लागले.

खरी गंमत मात्र ‘सँडविच’ या शब्दात आहे. चौथा अर्ल ऑफ सँडविच जुगाराच्या टेबलावरून उठेना, म्हणून त्याने पावात मांस मागवले, ही कथा सगळे सांगतात. पण त्याची पदवी केंट परगण्यातल्या ज्या बंदराच्या नावावरून आली, त्या नावाचा अर्थ कोणी सांगत नाही. ‘सँड’ म्हणजे वाळू, आणि ‘विच’ म्हणजे जुन्या इंग्रजीतले ‘विक’, अर्थात वस्ती किंवा व्यापारपेठ. काही लेखक सगळ्याच ‘विच’ गावांना मिठागरे ठरवतात. नॉर्थविच आणि नॅन्टविच येथे खाऱ्या पाण्याचे झरे आहेत, म्हणून तिथे ते शोभते. वाळूवरच्या बंदराला तोच अर्थ चिकटवणे हा निव्वळ आळस आहे. ‘विक’ हा शब्द लॅटिन ‘विकुस’पासून आला, आणि ‘विकुस’चे सख्खे भावंड म्हणजे संस्कृत ‘विश्’, म्हणजे वस्ती, लोक. त्याच घरातले ‘वेश’ व ‘वेश्मन्’ (संस्कृतात दोन्ही म्हणजे घर) आणि ‘वैश्य’.

माझ्या मते आपली गावची ‘वेस’ही याच कुळातली आहे: वस्तीत प्रवेश करण्याची जागा. ‘वेशीबाहेर’, ‘वेशीवर टांगणे’ यांतला ‘श’ मी पुरावा म्हणून मांडणार नाही, कारण तो ‘म्हैस’चे ‘म्हशी’ होताना, संस्कृतात ‘ष’ असूनही, तसाच येतो. माझा भर अर्थावर आहे. संस्कृतात ‘विश्’ हा प्रवेश करण्याचा धातूही आहे, आणि वेस हा गावाचा सर्वांत उघड प्रवेश. ‘वेस’चा संबंध केवळ सीमेशी जोडणाऱ्यांनी एखाद्या जुन्या गावाची दगडी वेस पाहावी: दोन बुरूज, मध्ये कमान, आणि तिच्याखालून आत जाणारी बैलगाडी.